उत्तर ठाऊक असणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्नामागे अज्ञान असते आणि उत्तरामागे ज्ञान असते, ही जगरहाटी ज्या एका क्षेत्रात पूर्णपणे उलटी झालेली आढळते, ते क्षेत्र म्हणजे सामान्यज्ञानाच्या प्रश्नांची हौसेखातर चालणारी देवघेव होय. या क्षेत्रातील मनुष्य उत्तर हाती लागल्याशिवाय प्रश्न विचारीतच नाही. किंबहुना आधी उत्तर सापडते, मग त्याला शोभेल असा प्रश्न बेतला जातो, आणि तो समानधर्मी मंडळींपुढे टाकताना त्यांना उत्तर येऊ नये, पण अगदीच येऊ नये असेही नाही, अशी विचारणाऱ्याची नाजूक इच्छा असते. उलटतपासणी घेणारा वकील आणि तोंडी परीक्षा घेणारा परीक्षक हे दोघेही उत्तर ठाऊक असूनच प्रश्न करतात हे खरे. परंतु वकिलाला फी मिळते, परीक्षकाला भत्ता मिळतो, आणि प्रश्नशौकिनाला मात्र रात्री साडेअकरा वाजता ‘प्रश्नच चुकीचा आहे’ असा संदेश मिळतो.

या शौकिनाची गल्लत स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराशी करणे ही नवख्या निरीक्षकाची नेहमीची चूक होय. सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करणारा उमेदवार आणि घरच्या आरामखुर्चीत मोबाईल घेऊन बसलेला शौकीन या दोघांनाही कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे हे माहीत असते; पण उमेदवाराच्या लेखी तो एक गुण असतो आणि पेपर संपताच कळसूबाईशी त्याचे संबंध संपतात, तर शौकीन तोच आकडा ऐकून नाक मुरडतो आणि ‘बरं मग, यात प्रश्न कुठे आहे?’ असे विचारतो. उमेदवार उत्तरांचा साठा करतो, शौकीन प्रश्नांचा. आणि उत्तरे हल्ली प्रत्येकाच्या खिशातील यंत्रात फुकट मिळू लागली असल्यामुळे या दोहोंपैकी कोणता माल दुर्मीळ झाला आहे, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

शौकाचा भारतातील इतिहास थोडक्यात सांगता येतो, आणि तो थोडक्यातच सांगावा, कारण शौकिनांपुढे तो विस्ताराने सांगणाऱ्याला प्रत्येक वाक्यावर दुरुस्ती ऐकावी लागते. १९६७ साली नील ओब्रायन यांनी कोलकात्यातील एका चर्चच्या सभागृहात भरवलेली खुली स्पर्धा ही या परंपरेची गंगोत्री मानली जाते. त्यानंतर रेडिओवर हमीद सयानी आणि पुढे अमीन सयानी यांच्या आवाजातली बोर्नव्हिटाची स्पर्धा आली, १९८३ साली बंगळुरूला कर्नाटक क्विझ असोसिएशनची स्थापना झाली आणि १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ सुरू झाला, तेव्हा एकच वाहिनी असल्यामुळे ज्यांना सामान्यज्ञानात काडीचाही रस नव्हता त्यांचेही सामान्यज्ञान वाढले. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबाचे नाव लावणारा बोट क्लब क्विझ क्लब उभा राहिला. नौकानयनासाठी बांधलेल्या जागेचे नाव बसून करण्याच्या उद्योगाला मिळावे, यात पुणेकरांना अद्याप काही वावगे वाटलेले नाही. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले आणि त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे हा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण पहिला करोडपती ठरला, तेव्हा महाराष्ट्रातील हजारो घरांत ‘नुसती पुस्तकं वाचून काय होणार’ हे वाक्य काही आठवडे बंद पडले. या कार्यक्रमाने सामान्यज्ञानाला प्रतिष्ठा दिली. पण त्याने चार पर्यायही दिले, आणि पर्यायांविषयी खऱ्या शौकिनाचे मत, पानात वाढलेले दुसऱ्याने भरवावे याविषयी धडधाकट माणसाचे जे मत असते, त्याहून वेगळे नसते.

आजची देवघेव मुख्यत्वे मोबाईलवरील गटांत चालते. त्यातील रीत अशी की ज्याची पाळी असेल त्याने ठरलेल्या वेळी प्रश्न टाकावा, इतरांनी उत्तर गटात न लिहिता त्याला एकट्याला खासगीत कळवावे, आणि मुदत संपल्यावर त्याने उत्तर, खुलासा व गुण जाहीर करावेत. समोरासमोरच्या स्पर्धांतील परिभाषा येथेही जशीच्या तशी आली आहे. कोणालाही सहज यावे अशा प्रश्नाला ‘सिटर’ म्हणतात. इतक्यांदा विचारून झालेल्या की ऐकताच मंडळींनी उसासा टाकावा अशा प्रश्नाला ‘चेस्टनट’ म्हणतात. आपली पाळी नसताना धोका पत्करून, चुकल्यास गुण गमावण्याच्या तयारीने उत्तर देण्याला ‘पाउन्स’ म्हणतात. आणि पाठांतराने नव्हे तर दिलेल्या धाग्यादोऱ्यांवरून तर्काने सोडवता येणाऱ्या प्रश्नाला ‘वर्कआउट’ असे आदराने संबोधले जाते. यांखेरीज ‘तुक्का’ ही एक अतिप्राचीन पद्धती आहे. ती मराठी मनुष्य अंदाजपंचे दाहोदरसे या नावाने पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आला असून, संगणकाला अलीकडे साधलेली ठामपणे चुकीचे सांगण्याची कला प्रश्नशौकिनांत फार पूर्वीपासून हस्तगत झालेली होती, हे येथे नमूद करणे न्यायाचे ठरेल.

गूगलला विचारायचे नाही, ही या गटांतील एकमेव शपथ होय, आणि ती मोडणाऱ्याला पकडण्याचे शास्त्रही विकसित झालेले आहे. ज्याला उत्तर खरोखर आठवते तो ते मोडक्यातोडक्या स्वरूपात पाठवतो. ‘तो नाही का, फाळक्यांच्या पिक्चरमधला, आधी खाणावळीत होता तो’ असे उत्तर आले की ते शंभर टक्के प्रामाणिक समजावे. ज्याने यंत्राची मदत घेतली तो मात्र संपूर्ण नाव बिनचूक लिहितो, जन्मसाल कंसात देतो, आणि संशय येऊ नये म्हणून शेवटी ‘बहुतेक’ असा एक शब्द जोडतो. मुरलेले प्रश्नकर्ते या ‘बहुतेक’लाच पुरावा मानतात.

येथे ज्याचा उल्लेख आला तो खाणावळीतील गृहस्थ म्हणजे अण्णा साळुंके, आणि माहितीचा प्रश्न कसा होतो हे पाहण्यासाठी त्यांच्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३ च्या मूकपटात काम करण्यास स्त्रिया मिळेनात, म्हणून तारामतीची भूमिका साळुंके यांनी केली. त्याआधी ते मुंबईतील एका खाणावळीत स्वयंपाकाचे काम करीत होते. आता ‘राजा हरिश्चंद्रमध्ये तारामतीची भूमिका कोणी केली?’ असा प्रश्न टाकला, तर तो शुद्ध पाठांतराचा प्रश्न होतो. ज्याला ठाऊक आहे तो क्षणात उत्तर देतो, ज्याला नाही तो पुढच्या संदेशाकडे वळतो, आणि दोघांनाही आनंद होत नाही. परंतु चार वर्षांनंतरच्या, म्हणजे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी रामाची आणि सीतेचीही भूमिका केली होती, ही माहिती एखाद्या जाणत्या प्रश्नकर्त्याच्या हाती लागली की तो तिच्यावर दोन दिवस बसतो आणि पुढील प्रश्न तयार करतो: ‘१९१७ सालच्या एका मूकपटात पत्नीच्या विरहाने नायक व्याकूळ होतो, समुद्र ओलांडून तिचा शोध घेतला जातो, आणि तरीही ती त्याला सोडून कुठेही गेली नव्हती असे चित्रपटाचा इतिहास सांगतो. कसे?’

या प्रश्नाचे गुण असे की, मूकपट म्हणताच फाळक्यांकडे, समुद्र म्हणताच रामायणाकडे, आणि त्या काळी स्त्रिया पडद्यावर येत नव्हत्या या शाळेत ऐकलेल्या गोष्टीकडे मन आपोआप जाते. आणि हे तीन धागे एकत्र बांधले की, साळुंके हे नाव आयुष्यात ऐकलेले नसतानाही, दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्या असाव्यात असा निष्कर्ष निघतो. उत्तर देणाऱ्याला स्वतःच्या बुद्धीविषयी आदर वाटतो, प्रश्नकर्त्याला स्वतःच्या बुद्धीविषयी आदर वाटतो, आणि एकाच व्यवहारात दोन्ही पक्षांना इतका नफा व्हावा असे व्यापारात क्वचितच घडते. नटाचे नाव सांगणाऱ्याला पूर्ण गुण द्यावा की केवळ तर्काने येथवर पोचलेल्यालाही तेवढाच द्यावा, यावर अर्थात वाद होतो; पण ज्या प्रश्नावर वादच झाला नाही तो प्रश्न गटात कोणी वाचलाच नाही, असे समजण्याचा प्रघात आहे.

उत्तम प्रश्नाचे हे जे लक्षण, म्हणजे समोरच्याला उत्तराच्या अगदी उंबरठ्यापर्यंत आणून तेथे उभे करणे, त्याला मानसशास्त्राचाही आधार आहे. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्‌नील या अमेरिकी संशोधकांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना दुर्मीळ शब्दांच्या केवळ व्याख्या वाचून दाखवल्या आणि शब्द ओळखण्यास सांगितले. तेव्हा ज्यांच्या जिभेवर शब्द घोळत होता पण बाहेर येत नव्हता, त्यांना त्याचे पहिले अक्षर आणि त्यातील अवयवांची संख्या बऱ्याचदा बरोबर सांगता येत होती. याचा अर्थ शब्द हरवलेला नसतो, केवळ दार उघडत नसते. या अवस्थेत मनुष्य जेवणावर लक्ष देऊ शकत नाही, झोपू शकत नाही, आणि पहाटे तीनला उत्तर सुचल्यावर शेजारी झोपलेल्या व्यक्तीला ते सांगितल्यावाचून राहू शकत नाही. संशोधकांनी ही अवस्था प्रयोगशाळेत मोठ्या प्रयासाने निर्माण केली. प्रश्नशौकीन ती रोज रात्री नऊ वाजता विनामूल्य निर्माण करतात, आणि गटातील चार जणांनी खासगीत ‘अरे, अगदी तोंडावर आहे’ असे लिहिले की त्या रात्री प्रश्नकर्त्याला उत्तम झोप लागते.

या शास्त्रातील सर्वांत धोकादायक शब्द म्हणजे ‘पहिला’. ज्याने आयुष्यात एकदाही ‘भारतातील पहिला’ असा प्रश्न विचारलेला नाही तो शौकीन नव्हे, आणि ज्याने तो दुसऱ्यांदा विचारला तो अनुभवातून शिकत नाही असे मानावे. भारताचा पहिला चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’, असे विधान कोणी केले की अर्ध्या मिनिटात रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचे पाठीराखे उभे राहतात, कारण त्यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दाखवला गेला होता. त्यावर फाळकेपक्षाचे म्हणणे असे की तो रंगमंचावरील नाटकाचा घेतलेला चित्रपट होता आणि त्याची फीत धुण्यासाठी लंडनला गेली होती. त्यावर तोरणेपक्ष विचारतो की फीत कुठे धुतली यावरून चित्रपटाची जात ठरते काय. आणि ‘राजा हरिश्चंद्र’देखील ३ मे १९१३ रोजी त्याच कॉरोनेशनमध्ये लागला होता, अशी माहिती तिसरा कोणी तरी पुरवतो, जी खरी असली तरी वादाच्या निर्णयाला तिचा कवडीचाही उपयोग नसतो. दोन्ही पक्षांचे नायक दादासाहेब असल्यामुळे रात्री दहानंतर कोण कोणाच्या बाजूने आहे हे वाचणाऱ्याला कळेनासे होते.

या अनुभवातून प्रश्नकर्त्यांनी विशेषणांची तटबंदी उभारण्याचे तंत्र शोधून काढले. ऑलिंपिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा कोण, या प्रश्नाचे उत्तर म्हणून कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे नाव मराठी मनुष्य अभिमानाने सांगतो, आणि १९५२ च्या हेलसिंकीतील त्यांच्या कुस्तीतील कांस्यपदकाबद्दल कोणाचे दुमतही नाही. परंतु १९०० साली पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचर्ड याने भारताच्या नावावर धावण्यात दोन रौप्यपदके मिळवली होती, आणि हाच प्रिचर्ड पुढे नॉर्मन ट्रेव्हर या नावाने हॉलिवूडच्या मूकपटांत चमकल्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष करणेही शौकिनाच्या जिवावर येते. म्हणून प्रश्न ‘स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक’ असा होतो. रेल्वेचेही तसेच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन निघालेली गाडी भारतातील पहिली, असे म्हणताच मद्रासजवळ १८३७ साली दगड वाहणारी रेड हिल रेल्वे आणि १८५१ साली रुडकीजवळच्या कालव्याच्या कामावर धावलेले इंजिन पुढे केले जाते, आणि मग ‘प्रवाशांसाठीची पहिली’ अशी दुरुस्ती करून ठाण्याची अब्रू राखावी लागते. काही सावध प्रश्नकर्त्यांचे प्रश्न या तटबंदीमुळे इतके लांबतात की त्यातील विशेषणे वाचूनच उत्तर समजते, आणि उत्तर समजूनही प्रश्न समजत नाही.

डॉ. आनंदीबाई जोशी यांना पहिली भारतीय स्त्री डॉक्टर म्हणण्याविषयीही असाच पेच होता, कारण त्या १८८६ साली फिलाडेल्फियात पदवीधर झाल्या त्याच वर्षी कोलकात्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. परंतु येथे एका चतुर प्रश्नकर्त्याने ‘पहिल्या’ला पूर्णपणे बगल देऊन विचारावे तसा एक प्रश्न संभवतो, आणि तो या कलेचा नमुना म्हणून पाहण्याजोगा आहे: ‘ज्या मराठी व्यक्तीची रक्षा न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील दफनभूमीत आहे आणि जिचे नाव शुक्र ग्रहावरील एका विवराला आहे, तिचे आडनाव काय?’ पोकीप्सी हे नाव ऐकून बहुतेकांना काहीच आठवत नाही, शुक्रावरून मात्र एक धागा सापडतो, कारण त्या ग्रहावरील विवरांना स्त्रियांचीच नावे देण्याचा संकेत आहे. अमेरिकेशी संबंध असलेली, तेथेच आप्त मिळवलेली, एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्री, एवढे ठरले की उत्तर दूर राहत नाही. ज्या कार्पेंटर कुटुंबाने आनंदीबाईंना परदेशात आधार दिला त्यांच्या स्मशानभूमीत ही रक्षा आहे, हे खुलाशात वाचल्यावर गटात काही क्षण कोणी गुणांविषयी बोलत नाही. ते क्षण मोजके असतात, पण असतात.

प्रश्न चोरीला जातात, आणि त्याबद्दल दाद मागता येत नाही. फ्रेड वर्थ या अमेरिकी गृहस्थांनी १९७४ साली क्षुल्लक माहितीचा एक कोश प्रसिद्ध केला आणि कोणी नक्कल केल्यास ती उघडकीस यावी म्हणून त्यात एक खोटी नोंद पेरली: ‘कोलंबो’ या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेतील गुप्तहेराचे पहिले नाव फिलिप. वास्तविक मालिकेत ते नाव कधीच उच्चारले जात नाही. १९७९ साली माँट्रियलमध्ये ख्रिस हेनी आणि स्कॉट ॲबट या दोन पत्रकारांनी कल्पिलेला ‘ट्रिव्हियल परस्यूट’ हा पटावरचा खेळ पुढे अमेरिकेत घरोघर पोचला, आणि त्यातील एका पत्त्यावर कोलंबोचे नाव फिलिप असे छापलेले आढळले. सापळ्यात सावज सापडल्याच्या आनंदात वर्थ यांनी १९८४ साली तीस कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळकर्त्यांनी त्यांचा कोश वापरल्याचे निमूटपणे मान्य केले, आणि न्यायालयाने दावा फेटाळला; कारण माहितीवर कोणाचा मालकीहक्क नसतो, आणि अनेक पुस्तकांतून माहिती गोळा करणे ही चोरी नव्हे. स्वतः घडवलेली थाप वस्तुस्थिती म्हणून छापल्यामुळे ती थाप सार्वजनिक मालमत्ता झाली, असे ज्याच्या बाबतीत घडले असा संशोधक विरळाच. पुढे बारकाईने पाहणाऱ्या चाहत्यांना एका जुन्या भागात कोलंबोच्या ओळखपत्राचे जवळून घेतलेले चित्र सापडले. त्यावर नाव होते फ्रँक. तरीही फिलिप हे उत्तर देणारे अजून भेटतात, आणि ते वर्थ यांच्या बाजूचे की विरुद्ध, हे ठरवणे कठीण असते.

आपल्याकडे एवढी न्यायालयीन दगदग कोणी करीत नाही. आपल्याकडे प्रश्न गटागटांतून फिरत राहतो आणि शेजारच्या घरी फराळ घालून पाठवलेली वाटी जशी कधी रिकामी परत येत नाही, तसा मूळ मालकाकडे दोन नवे तपशील आणि एक नवी चूक घेऊन परततो. भाऊसाहेब निंबाळकर यांच्या नाबाद ४४३ धावांचा प्रश्न हे याचे ठळक उदाहरण होय. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध खेळताना ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या विश्वविक्रमापासून ते अवघ्या नऊ धावांवर होते, आणि प्रतिस्पर्धी संघाने पुढे खेळण्यासच नकार देऊन सामना सोडला. एवढीच ती हकिकत. पण हा प्रश्न जितक्या गटांतून फिरला तितक्या वेळा त्या संघाने मैदान का सोडले याची कारणे बदलत गेली, आणि त्यांच्या मानाने निंबाळकरांची धावसंख्या आश्चर्यकारकरीत्या स्थिर राहिली आहे. गटात केवळ उत्तरे देणारा आणि स्वतः कधी प्रश्न न टाकणारा सभासद मात्र सर्वत्र अप्रिय असतो. त्याला कोणी काढत नाही, परंतु त्याच्या बरोबर उत्तराला ‘हो’ एवढेच लिहिले जाते.

नव्या मालाची टंचाई ही शौकिनाची कायमची विवंचना असते. ऑक्टोबरात नोबेल पारितोषिके जाहीर होतात तेव्हा सुगी असते. एरवी जुन्या आत्मचरित्रांवर भागवावे लागते. सुनील गावसकर यांच्या ‘सनी डेज’ या १९७६ च्या आत्मचरित्रात इस्पितळात त्यांची एका कोळी कुटुंबातील बाळाशी अदलाबदल झाल्याची हकिकत आहे. नारायण मसुरेकर या त्यांच्या काकांनी आदल्या दिवशी बाळाच्या कानाजवळचे बारीकसे छिद्र पाहून ठेवले होते, म्हणून ती चूक वेळीच लक्षात आली. यावरून ‘कोणत्या छिद्रामुळे १९७१ साली वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांचे नुकसान झाले?’ असा प्रश्न निघतो. त्या मालिकेत गावसकरांनी ७७४ धावा केल्या होत्या, त्यामुळे नुकसानीचा आकडाही देता येतो. तेंडुलकरविषयीचे प्रश्न मात्र आता वापरण्यायोग्य राहिलेले नाहीत. तिसऱ्या पंचाने बाद दिलेला पहिला फलंदाज तो, हे १९९२ च्या डर्बन कसोटीपासून इतक्यांदा विचारले गेले आहे की त्यावर ‘चेस्टनट’ असे उत्तर लिहिले तरी गुण देण्याची काही गटांत पद्धत आहे. याखेरीज वृत्तपत्रांतील निधनवार्ता हा मालाचा एक भरवशाचा स्रोत आहे, आणि एखादा थोर पुरुष गेल्याचे वाचून मनात हळहळ दाटण्याच्या अंमळ आधी ‘याच्यावर आता प्रश्न येणार’ हा विचार येतो, याची कबुली या क्षेत्रातील सज्जनांनी एकमेकांजवळ दिलेली आहे. एकमेकांजवळच, घरी नव्हे.

परदेशस्थ मराठी सभासदांमुळे या व्यवहारात घड्याळाचाही प्रश्न निर्माण झाला आहे. पुण्याचा प्रश्नकर्ता रात्री नऊला प्रश्न टाकून सकाळी नऊला उत्तर देतो, तेव्हा न्यू जर्सीतील सभासदाच्या वाट्याला कचेरीतला बहुतेक दिवस येतो, म्हणजे साहेबाचे लक्ष चुकवून विचार करण्यास भरपूर वेळ मिळतो. तर मेलबर्नच्या सभासदाचा त्या बारा तासांतील बराच वेळ झोपेत जातो. या अन्यायावर उपाय म्हणून मुदत चोवीस तासांची केली, तर पुण्यातील सभासद चोवीस तास एकमेकांना भेटून अप्रत्यक्षपणे उत्तरे काढून घेतात, असा परदेशस्थांचा आक्षेप असतो, आणि तो निराधार नाही.

गुणदानाचा तंटा मात्र निव्वळ मराठी आहे. जगातील बहुतेक स्पर्धांत उत्तर म्हणून आडनाव पुरेसे मानण्याचा नियम आहे. न्यूटन म्हटले की न्यूटन. हा नियम महाराष्ट्रात येताच कोलमडतो, कारण ‘जोशी’ असे उत्तर दिले तर ते आनंदीबाई, भीमसेन, लक्ष्मणशास्त्री, मनोहर आणि चिंतामण विनायक अशा पाच जणांच्या बाबतीत एकाच वेळी बरोबर येते, आणि ‘देशपांडे’, ‘कुलकर्णी’ लिहिणाऱ्याने तर गावातल्या अर्ध्या लोकांची नावे लिहिली असे होते. म्हणून मराठी गटांनी नियम उलटा केला: आडनाव पुरेसे नाही, आद्याक्षरे पुरेशी आहेत. पु. ल., जी. ए., व. पु., चिं. वि. एवढे लिहिले की कोणीही पूर्ण नाव मागत नाही. ही व्यवस्था काही काळ सुरळीत चालली. मग मराठीला पहिले ज्ञानपीठ १९७४ साठी कोणामुळे मिळाले, हा सिटर कोणीतरी टाकला. ‘ययाती’कार खांडेकरांचे उत्तर ‘वि. स.’ असे इतर सर्वांनी पाठवले, आणि घाईत मोबाईलवर बोट घसरलेल्या एका सभासदाचे उत्तर ‘वि. सी.’ असे गेले. वि. सी. म्हणजे गुर्जर, आणि तेही कथालेखकच. प्रश्नकर्त्याने शून्य दिले. सभासदाचे म्हणणे की ही वेलांटी यंत्राने लावली, आपण लावलेली नाही. प्रश्नकर्त्याचे म्हणणे की मग गुणही यंत्राकडूनच घ्यावेत. अर्ध्या गुणाची तडजोड सुचवण्यात आली असून ती दोन्ही बाजूंनी नाकारली आहे, कारण अर्धा गुण दिल्यास वि. वा. शिरवाडकरांच्या ज्ञानपीठावरील प्रश्नाला ‘वि. व.’ असे उत्तर देणारा जुना सभासद थकबाकी मागण्यास मोकळा होतो.